क्लच पेडल खाली बसलं? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर माझ्या गाडीचं क्लच पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. टोचन लावून गाडी गॅरेजात नेली, तर बॉनेटही न उघडता उत्तर मिळालं, ‘क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल.’ मन मानेना, म्हणून गाडी तशीच ओढत घरी आणली. दोष निघाला स्लेव्ह सिलेंडरच्या एका रबरी सीलमध्ये. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, आधी ऑइल बघा, प्लेटचं नंतर.

पहिलं काम म्हणजे तुमच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच आहे का, ते बघणं. ऑल्टोसारख्या छोट्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो, तिथे हा लेख लागू नाही. गिअरबॉक्सजवळच्या क्लचच्या दांडीला तार ओढत असेल तर केबल, आणि पाइप जोडलेला छोटा सिलेंडर ढकलत असेल तर हायड्रॉलिक. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलेंडर पाइपातलं ब्रेक ऑइल ढकलतो, त्या दाबाने खालचा स्लेव्ह सिलेंडर दांडी सरकवतो आणि क्लच सुटतो. मधे हवा शिरली की ती दबते आणि दांडीला पुरता धक्का मिळत नाही.

आता लक्षणं. इथे घाई करू नका, कारण निम्मी दुरुस्ती इथेच होते. पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, पण चार-पाच वेळा पटापट दाबल्यावर गिअर पडतो, तर बहुधा सिस्टिमने एअर पकडली आहे. पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं, गाडी पुढे सरकू लागते आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलेंडरच्या आतलं सील गेलं. सकाळी ठीक आणि भर दुपारच्या ट्रॅफिकमध्ये पेडल मऊ, असं होत असेल तर ऑइल जुनं झालंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत येते. पारा ४५ च्या घरात असताना इंजिनजवळच्या पाइपाला आणखी काय हवं!

उलट, वर्धा रोडचा उड्डाणपूल चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर बहुतेक वेळा प्लेट घासलेली असते. पेडल दगडासारखं जड झालं असेल तर क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट किंवा बेअरिंगकडे बघायला लागेल. ही दोन्ही कामं गॅरेजचीच.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे द्या, इंजिन थंड होऊ द्या. ऑइलची टाकी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, म्हणून पातळी उतरली असेल तर प्रश्न ब्रेकचाही आहे. मग ड्रायव्हरच्या पायाशी वाकून, पेडलची दांडी जिथे आत शिरते तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गळतोय. शेवटी स्लेव्ह सिलेंडरच्या टोकाचं रबरी बूट नखाने उचला. मी उचललं तेव्हा काळ्या चहासारखं ऑइल मनगटापर्यंत ओघळलं. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं, तेव्हा आणखी पुरावा लागला नाही.

नुसती एअर काढायची असेल तर टाकीच्या झाकणावर लिहिलेलं, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच सीलबंद ऑइल आणा. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, सगळी रबरं फुगून जातात. स्लेव्ह सिलेंडरवर हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, त्या ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. पेडलवर एक माणूस हवा. माझा पुतण्या बसला होता. मी ‘दाब’ म्हटलं की तो पेडल तळाला नेऊन धरायचा, मी रिंग पान्याने निपल अर्धा फेरा उघडायचो, बुडबुडे निघायचे, निपल बंद केल्यावरच ‘सोड’. दुसऱ्याच खेपेला तो ओरडला, ‘काका, पेडल वर येऊन नाही राहिलं ना!’ घाबरू नका, हवा असताना असं होतं. पेडल हाताने वर ओढायचं. दर चार-पाच खेपांनी टाकी भरा, ती रिकामी झाली तर ब्रेकचीही एअर काढावी लागेल. बुडबुडे थांबले आणि स्वच्छ ऑइल येऊ लागलं की झालं.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं, तर स्वच्छ सिरिंजने खालून, निपलमधूनच ऑइल सावकाश वर ढकला. हवेचा स्वभाव वर जाण्याचा, त्यामुळे अडलेले बुडबुडे टाकीत निघून येतात. त्याआधी टाकीतलं थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ती ओसंडेल. सांडलं तर लगेच पाणी ओता, हे ऑइल रंग खातं. डोळ्यांवर चष्मा ठेवा.

स्लेव्हच गळत असेल तर पाइप सोडवायचा, मग सहसा दोनच बोल्ट. सिलेंडर काढलेला असताना पेडल कुणालाही दाबू देऊ नका. आतल्या भिंतीवर नख फिरवा. खाचा लागल्या तर नुसतं सीलचं किट टाकण्यात अर्थ नाही, पूर्ण सिलेंडरच घ्या. गुळगुळीत असेल तर नवं सील ब्रेक ऑइलनेच ओलं करून बसवा, पेट्रोलने धुऊ नका. जोडाला तांब्याचं वायसर असेल तर तेही नवं. मग पुन्हा एअर काढा. काही गाड्यांत हा सिलेंडर गिअरबॉक्सच्या आत असतो. तिथे हात घालू नका, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तो निघत नाही.

गाडीखाली शिरावं लागलं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली पक्के स्टँड लावा.

शेवटी हँडब्रेक ओढून, समोर-मागे मोकळी जागा ठेवून इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवा, क्लच पूर्ण दाबा, तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाका. करकर झाली तर आत अजून हवा आहे. गिअर मुकाट पडला तर गल्लीतून एक फेरी मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी पुन्हा बघा. काढलेलं काळं ऑइल नालीत ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजला द्या.