परकीय वनस्पतींच्या नोंदीला निघण्यापूर्वी

गेल्या खेपेस मी प्रादेशिक वनस्पतींच्या डेटाबेससाठी स्थिरावलेल्या परकीय वनस्पतींच्या 40 नोंदी पाठवल्या आणि त्यांतील 26 एकाच प्रश्नासह परत आल्या: हे झाड कोणी लावले होते, की आपोआप उगवले होते? माझ्याकडे छायाचित्रे होती, अक्षांश-रेखांश होते, पाकळीची लांबीसुद्धा मोजलेली होती. या प्रश्नाचे उत्तर तेवढे नव्हते. म्हणून पुढील यादीत ही एक बाब वारंवार येईल आणि ती वाचून कंटाळा आला तरी माझी हरकत नाही.

वही, पेन्सिल, भिंग, पाणी यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. हातमोजे मात्र न्यावेत, कारण गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो आणि तो एकदा जडला की सहज जात नाही.

निघण्यापूर्वी शब्दांचे अर्थ पक्के करून घ्यावेत. परकीय म्हणजे माणसामुळे मूळ प्रदेशाबाहेर आलेली वनस्पती. त्यांपैकी काही अधूनमधून उगवतात आणि नवे बी बाहेरून आले नाही तर नाहीशा होतात. काही माणसाच्या मदतीवाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. स्थिरावलेल्या म्हणायच्या त्या याच. या टिकण्याला किमान 10 वर्षांची कसोटी लावावी, अशी सूचना 2004 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पेत्र पिशेक आणि सहकाऱ्यांनी केली होती. आक्रमक हा शब्द त्यापुढचा असून तो दूरवर वेगाने पसरणाऱ्या वनस्पतींसाठी आहे. नावडत्या तणाला रागाने देण्याची ती शिवी नव्हे.

नावेही आधीच तपासावीत. जुन्या पुस्तकांत जलपर्णी आयकॉर्निया क्रॅसिपेस या नावाने सापडते, आता ती पाँटेडेरिया क्रॅसिपेस झाली आहे. रानमोडी पूर्वी युपॅटोरियम होती, आता क्रोमोलिना ओडोरॅटा आहे. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर स्वीकृत नाव आणि मूळ प्रदेश दोन्ही मिळतात. ज्या नावाने आपण वनस्पती ओळखली तेही नोंदीत राहू द्यावे, म्हणजे पुढे माग काढता येतो.

आता मुख्य गोष्ट: लावलेले की आपोआप उगवलेले, हे कसे ओळखावे. झाडापाशी पोचल्यावर कॅमेरा काढण्याआधी खाली वाकून रोपे पाहावीत. किती आहेत, किती उंचीची आहेत, सगळी एकाच वयाची आहेत की दोन बोटांच्या रोपापासून फुलावर आलेल्या झाडापर्यंत सर्व वयांची आहेत, आणि लावलेल्या जवळच्या झाडापासून किती मीटरांवर आहेत, हे तिथेच उभे राहून लिहावे. घरी आल्यावर आठवेल, या भरवशावर राहू नये. मी राहिलो होतो.

रोप दिसले म्हणून ते बियांपासूनच आले, असेही गृहीत धरू नये. एका कुंपणालगत मला बुचाची 14 रोपे दिसली आणि मी उत्साहाने स्थिरावलेली म्हणून नोंद केली. दुसऱ्यांदा गेल्यावर एका रोपाच्या बुडाची माती बोटाने उकरली, तेव्हा अंगठ्याएवढे जाड मूळ आडवे गेलेले दिसले आणि ते थेट कुंपणाआतल्या लावलेल्या झाडाकडे जात होते. उरलेली तेराही त्याचेच मुनवे निघाले. बुचाला मुळांपासून धुमारे फुटतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, हीच लाजेची गोष्ट. शाकीय वाढीने, म्हणजे बियांवाचून खोड-मुळांपासून, पसरणारी वनस्पती स्थिरावू शकत नाही, असा याचा अर्थ नाही. जलपर्णी प्रामुख्याने तशीच पसरते. पण लावलेल्या झाडाच्या मुळावर जगणारा मुनवा ही स्वतंत्र वनस्पती नव्हे. म्हणून माती उकरावी आणि जे दिसले ते लिहावे. काहीच दिसले नाही, तर ‘रोपे आढळली नाहीत’ असे लिहावे, कारण कोऱ्या रकान्यावरून आपण पाहिले की नाही हेच कळत नाही.

नमुना फुलाफळांसह घ्यावा. पिकलेल्या बिया बंद पिशवीत ठेवाव्यात, नाहीतर पुढच्या ठिकाणी ती वनस्पती नेऊन पोचवणारे आपणच ठरू. नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख, संग्राहक क्रमांक, अधिवास आणि स्थानाची अचूकता मीटरमध्ये लिहावी, आणि लावलेली की आपोआप उगवलेली, हेही. होय, चिठ्ठीवरसुद्धा.

डेटाबेसमध्ये नोंद भरणे हे कंटाळ्याचे काम आहे. डार्विन कोअर या जीवांच्या नोंदींसाठीच्या प्रमाणित मांडणीत वनस्पती स्थानिक की परकीय, ती कितपत स्थिरावली आणि कोणत्या मार्गाने आली, यांसाठी तीन वेगळे रकाने आहेत. त्यांचे उत्तर एकाच शब्दात कोंबू नये. येण्याचा मार्ग ठाऊक नसेल तर अज्ञात लिहावे. छायाचित्रांना नमुन्याचा क्रमांक द्यावा, त्यांत एक तरी रोपांचे असावे, आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक नोंदीत रोपांचा रकाना भरला आहे का, ते पुन्हा पाहावे.