वसंतात घरच्या बागेत फुले-भाज्या कशा लावाव्यात: सुरुवात मातीच्या उबेपासून

वसंतातल्या बागेत होणारी निम्मी निराशा घाईमुळे होते. चार दिवस चांगले ऊन पडले की हात शिवशिवतात आणि बियाणे मातीत जाते. पण हवा एका दुपारीत तापते, माती तापायला कित्येक दिवस लागतात. गार, ओल्या मातीत घेवड्याचे बी फुगते आणि कोंब वर येण्याआधीच कुजते. दोष मात्र बियाण्याला दिला जातो. त्यामुळे पेरणीची तारीख कॅलेंडरवर शोधू नका, ती मातीला विचारा.

माती तयार आहे का?

दोन गोष्टी तपासायच्या: ऊब आणि वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी बेताची ओलसर असणे.

उबेसाठी टोकदार सळईचा साधा थर्मामीटर 5 सेंमी खोल खुपसा. वेळ सकाळची, साधारण 8 ते 9. दुपारी वरचा थर उन्हाने तापलेला असतो आणि आकडा फसवा येतो. सलग तीन-चार सकाळी आकडा टिकला तरच तो खरा धरा.

माती 8 ते 10 अंश सेल्सिअस झाली की पालक, मुळा, वाटाणा, गाजर, लेट्यूस आणि फुलांमध्ये कॅलेंडुला, स्वीट पी पेरता येतात. घेवडा आणि सूर्यफूल यांना किमान 15-16 अंश हवेत. काकडी, भोपळा, दोडका, भेंडी, झिनिया आणि कॉसमॉस यांच्यासाठी 18 ते 20 अंशांची वाट पाहा. टोमॅटोची रोपे रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाणे थांबल्यावरच बाहेर लावा. मिरची आणि वांगी त्याहून नाजूक, त्यांना रात्री 13 अंशांच्या वर असलेल्या बऱ्या.

ज्या भागात वसंत संपता संपता कडक ऊन सुरू होते, तिथे पहिल्या गटातल्या भाज्या अगदी सुरुवातीलाच पेरा. उशिरा पेरलेला पालक किंवा लेट्यूस वाढत्या उष्णतेत आणि मोठ्या दिवसांत पाने द्यायच्या आधीच तुऱ्यावर जातो, म्हणजे फुलोरा धरतो. मग कितीही पाणी दिले तरी तो परत पानांवर येत नाही.

आता वाफसा. 10 सेंमी खोलीवरून मूठभर माती काढा, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळ्याला अंगठ्याने हलकेच टोचा. तो भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. गोळा तसाच राहिला, त्यावर बोटांचे ठसे चकाकत दिसले, तर कुदळीला हात लावू नका. गोळाच होत नसेल तर पाणी देऊन दोन दिवस थांबा. हा नियम कधीच मोडू नका. ओली माती खणली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबतात आणि ढेकळे वाळून विटेसारखी होतात. त्या वाफ्यात पूर्ण हंगाम मुळांना हवा कमी पडते. दोन-तीन दिवस थांबल्याने काहीच बिघडत नाही.

वाफा आणि खत

दिवसाला 6 ते 8 तास थेट ऊन मिळणारी जागा निवडा. पालेभाज्यांचे 4 तासांतही भागते, फळभाज्यांचे नाही. वाफ्याची रुंदी 1 ते 1.2 मीटर ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. लांबी सोयीप्रमाणे.

नवीन वाफा 20 सेंमी खोल खणा आणि खडे व गवताची मुळे वेचून काढा. वर पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा 5 सेंमी थर पसरून तो वरच्या 15 सेंमी मातीत मिसळा. म्हणजे एका चौरस मीटरला 50 लिटर, 10 लिटरच्या पाच बादल्या. जुन्या वाफ्याला दरवर्षी 2-3 सेंमी थर वरून दिला तरी पुरतो, तो पुन्हा खोल खणायची गरज नसते.

‘पूर्ण कुजलेले’ या शब्दांवर जोर आहे. चांगले खत काळसर, भुसभुशीत असते, त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. ताज्या शेणातला अमोनिया कोवळी मुळे जाळतो, शिवाय त्यातून तणाचे बी येते. गाजराच्या वाफ्यात तर ते मुळीच नको, गाजरांना फाटे फुटतात.

कुंडीत लावणार असाल तर टोमॅटोला 20 लिटर, वांगी-भेंडीला 15, मिरचीला 10 आणि झेंडूला 5 लिटरची कुंडी घ्या. नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते. तिच्यात तितकेच कंपोस्ट आणि थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. तळाला पाणी जाण्यासाठी भोके असलीच पाहिजेत.

रोपे घरात कधी आणि कशी तयार करावीत

बाहेर लावण्याच्या अंदाजे तारखेपासून मागे मोजा: मिरची आणि वांग्याला 8 ते 10 आठवडे, टोमॅटोला 6 ते 8, झेंडूला 5 ते 6. काकडी आणि भोपळा 3 आठवड्यांहून लवकर पेरू नका. त्यांना मुळांची हलवाहलव सोसत नाही, त्यामुळे प्रत्येक बी स्वतंत्र कपात पेरावे किंवा थेट जागेवर.

बियाणे जुने असेल तर आधी उगवण तपासा. 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. 8 उगवल्या तर नेहमीप्रमाणे पेरा, 5 उगवल्या तर दुप्पट पेरा, त्याहून कमी असतील तर नवीन आणा. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच दम सोडते, टोमॅटोचे चार-पाच वर्षे टिकते.

ट्रेमध्ये दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेले कंपोस्ट भरा. बी किती खोल जावे हे त्याच्या आकारावर ठरते: टोमॅटो-मिरची अर्धा ते एक सेंमी, सूर्यफूल 2-3 सेंमी, घेवडा 3-4 सेंमी. पेटुनिया आणि लेट्यूसच्या बियांना उगवायला उजेड लागतो, त्या नुसत्या मातीवर दाबा. मिश्रण 22 ते 28 अंशांत राहिले तर टोमॅटो 5 ते 10 दिवसांत उगवतो. मिरचीला दोन आठवडे द्या, गारव्यात तीनही लागतात. तेवढा धीर धरा, ट्रे उकरून बी पाहू नका.

पहिला कोंब दिसताच ट्रेवरचे झाकण काढा आणि त्याला भरपूर उजेडात न्या. खिडकीतला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, रोपांना बहुधा पुरत नाही. ती लांबुडकी, फिकट होतात आणि काचेकडे झुकतात. एलईडी दिवा रोपांच्या शेंड्यापासून 10 सेंमी वर टांगून 14 ते 16 तास लावला तर खोड जाड होते.

या टप्प्यावर सर्वांत जास्त रोपे जातात ती कोलमडून. संध्याकाळी टवटवीत असलेले रोप सकाळी आडवे दिसते. जवळून पाहा: पाने अजून हिरवी असतात, पण देठ मातीला टेकतो तिथे तो दोऱ्याइतका बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेला असतो. हे काम पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींचे आणि बुरशीसारख्या जीवांचे. आडवे पडलेले रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका, नाहीतर दोन दिवसांत शेजारची रांग जाते. बुरशी येते ती दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंदट हवा यांमुळे. म्हणून ट्रे धुऊन घ्या, मिश्रण नवे वापरा, बी विरळ पेरा, ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी द्या आणि वरचा थर मधूनमधून कोरडा होऊ द्या.

आधी येतात ती बीजपत्रे. त्यानंतरची खरी पाने फुटली की रोपे वेगळ्या कपात हलवा. रोप पानाला धरून उचला, देठाला नाही. पान फाटले तर नवे येते, देठ चेपला तर रोप संपते.

बाहेरच्या हवेची सवय

घरातले रोप थेट उन्हात ठेवले की दोन दिवसांत पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत ठेवा, मग रोज तास-दोन तास वाढवा, चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळचे ऊन दाखवा. 7 ते 10 दिवसांत रोप दिवसरात्र बाहेर राहण्याइतके कणखर होते.

लावणी

लावणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करा. टोमॅटोची खालची पाने खुडून रोप वरच्या पानांपर्यंत खोल गाडा. मातीत गेलेल्या खोडाला मुळे फुटतात आणि लांबुडके रोपही सावरते. मिरची आणि वांगी मात्र कपात होती तेवढ्याच खोलीवर लावा. टोमॅटोत 50 ते 60 सेंमी अंतर ठेवा, मिरचीत 45, भेंडीत 30, झेंडूत 25 ते 30. लहानशा रोपांमध्ये एवढी मोकळी जागा पाहून मन मानत नाही, पण दाटीत हवा खेळत नाही आणि भुरी, करपा हे पानांचे रोग तिथूनच सुरू होतात. आधाराची काठी लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवली तर मुळे तुटतात. प्रत्येक रोपाला साधारण एक लिटर पाणी द्या.

थेट पेरणी करताना आधी सरी भिजवा, मग बी टाका आणि कोरड्या मातीने झाका. वरून पाणी मारले तर चिकणमातीवर पापुद्रा धरतो आणि कोवळे कोंब त्याखाली अडकतात. गाजर उगवायला दोन आठवडे लागतात आणि त्या काळात वरचा एक सेंमी थर एकदाही वाळता कामा नये. त्यावर ओले पोते टाका आणि पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी काढा. भेंडीचे बी 8 ते 12 तास भिजवले तर लवकर उगवते. घेवड्याचे भिजवू नका, ते तडकते आणि कुजते.

विरळणी टाळू नका. गाजर-मुळ्यात 5 सेंमी, झिनियात 25 सेंमी अंतर ठेवून बाकीची रोपे कात्रीने मातीलगत कापा. उपटली तर शेजारची मुळे हलतात.

फुले भाज्यांच्या शेजारीच

फुलांना वेगळा कोपरा देण्यापेक्षा ती भाजीच्या वाफ्याच्या कडेने लावणे जास्त उपयोगाचे, कारण मधमाश्या तिथेच यायला हव्यात. उत्तर गोलार्धात सूर्यफूल, कॉसमॉस आणि वेलींचा मांडव वाफ्याच्या उत्तरेला ठेवा, म्हणजे बुटक्या पिकांवर सावली पडत नाही. झिनिया आणि कॉसमॉस थेट जागेवर पेरावेत. कॉसमॉसला खत जवळजवळ देऊच नका, भरल्या मातीत तो नुसता पाला वाढवतो. झेंडूला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. फुले आठवडाभर उशिरा येतात, पण झाड गच्च भरते.

झेंडूमुळे सूत्रकृमी (मुळांना लागणारे मातीतले सूक्ष्म कृमी) पळतात असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूखाली ठेवला तर. टोमॅटोशेजारची दोन रोपे शोभा देतात, मातीतल्या सूत्रकृमींना फारसा धक्का लावत नाहीत.

पाणी, आच्छादन, खुराक

साधारण हिशेब एका चौरस मीटरला आठवड्याला 25 लिटरचा, तोही दोन हप्त्यांत. रोज शिंपडलेले पाणी वरच्या दोन सेंमीत राहते आणि मुळेही तिथेच घुटमळतात. बोट 5 सेंमी खोल घालून पाहा, ओल लागली तर पाणी नको. कुंडीला मात्र तापलेल्या दिवसांत रोज लागते. माती उबदार झाल्यावर वाळलेल्या पाल्याचे 5 सेंमी आच्छादन पसरा, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडून. त्याआधी पसरले तर माती गारच राहते. टोमॅटोला नत्रयुक्त खत जास्त झाले तर झाड हिरवेगार दिसते आणि फळ धरत नाही. पुढचा खुराक पहिली फळे गोटीएवढी झाल्यावरच द्या.

बिघडते कुठे

टोमॅटोचे बूड काळे पडून चामड्यासारखे झाले तर तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोहोचले नाही, आणि त्याचे नेहमीचे कारण एकदा कोरडे, एकदा चिंब असे पाणी हे असते. ती फळे तोडा आणि पाणी नियमित करा. दुपारचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की टोमॅटोची फुले गळतात. हवा उतरली की पुन्हा धरतात, तोवर औषध मारण्यात अर्थ नाही.

काकडी-भोपळ्याची पहिली फुले गळाली तर घाबरू नका, ती नर फुले असतात. मादी फूल ओळखायचे ते त्याच्या मागच्या बोटभर कोवळ्या फळावरून. तेच फळ पिवळे पडून सुकत असेल तर परागीभवन झालेले नाही. फूल उमलल्याबरोबर नर फूल तोडा, पाकळ्या सोला आणि मधला परागाने माखलेला दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते.

पानांखाली मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. परत आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंब तेल आणि थोडा द्रवसाबण घोळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. उन्हात फवारल्यास पाने भाजतात. ढालकिड्याची (लेडीबगची) करडी-नारिंगी, अणकुचीदार अळी दिसली तर फवारा थांबवा, ती मावाच खाते. पाने रात्रीतून कुरतडलेली असतील तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा.

भेंडी, काकडी आणि घेवडा दर दोन दिवसांनी तोडा. वेलीवर एक काकडी पिकून पिवळी झाली की वेल बी पोसायला लागते आणि नवी फुले कमी होतात. झिनिया-झेंडूची सुकलेली फुलेही त्याच कारणाने काढायची: नुसत्या पाकळ्या ओढू नका, देठ खालच्या पानांच्या जोडीच्या वरून कापा, पुढची कळी त्या बेचक्यातूनच येते.