पूल तपासणीतला पायाचा रकाना: नव्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी

सार्वजनिक बांधकाम विभागात नुकतेच रुजू झाला असाल, तर पावसाळापूर्व पूल तपासणीचे नमुने (भरायचे छापील फॉर्म) लवकरच तुमच्या टेबलावर येतील. आयआरसी एसपी ३५, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची पूल तपासणी आणि देखभालीची मार्गदर्शिका, तुम्ही वाचलेली असणार. बेअरिंग (पुलाचा वरचा भाग ज्यावर टेकतो ते टेकू), एक्सपान्शन जॉइंट (प्रसरणासाठी ठेवलेले सांधे), कठडे, वेअरिंग कोट (रस्त्याचा वरचा थर) यांचे रकाने चार पूल पाहिले की आपोआप जमतात. मला बोलायचंय ते पाया आणि नदीच्या तळाच्या रकान्याबद्दल.

पहिल्या उन्हाळ्यात या रकान्याने मला रडकुंडीला आणलं. हातात गेल्या वर्षीचा नमुना, त्यात सगळीकडे 'सुस्थितीत'. समोर डोहात गढूळ पाणी, पिअरचा, म्हणजे पुलाच्या मधल्या खांबाचा, खालचा भाग दिसायचं नाव नाही. वरिष्ठ म्हणाले, "मागच्यासारखंच भर, पूल काय पळून जातोय?" त्या वाक्याची चीड मला अजूनही येते.

आता नीट वाचा, कारण भले भले इथे फसतात. पूर ऐन भरात असताना पिअरभोवती पाण्याचे भोवरे होतात आणि तळाची वाळू-गोटे उपसून नेतात. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात नवा गाळ येऊन बसतो. तुम्ही नोव्हेंबरात किंवा मे महिन्यात जाता तेव्हा तळ सपाट दिसतो, खड्डा दिसतच नाही. पण हा गाळ सैल असतो, पायाला आधार देत नाही आणि पुढच्या पुरात पहिल्याच तडाख्यात निघून जातो. म्हणजे डोळ्यांना तळ ठीक दिसला, तरी पाया ठीक आहे असं सिद्ध होत नाही. त्यात पुलाच्या खालच्या अंगाला वाळूउपसा चालू असेल, तर सगळा तळच वर्षागणिक खाली जातो.

म्हणून लोखंडी सळई घेऊन खाली उतरा. पिअरच्या वरच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना ती खुपसून बघा. एका जागी सहज खोल गेली आणि शेजारी अडली, तर तिथे भरून आलेला खड्डा असू शकतो. कठड्यावरून टेपला वजन बांधून तळाची खोली मोजा, प्रत्येक गाळ्यात (दोन खांबांमधल्या अंतरात), दर वर्षी त्याच खुणेवरून. जुन्या पुलाचा नकाशा बहुधा मिळत नाही, मग तुमचं पहिलं मोजमापच पुढच्या माणसाचा आधार ठरतं. खाडीचं पाणी चढत असेल, तर ओहोटीची वेळ गाठा.

पाया दिसलाच नाही तर? तसंच लिहा: 'पाण्याखाली, दिसला नाही, पाणबुड्याकडून तपासणी आवश्यक.' ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे, ती लिहिताना हात थरथरू देऊ नका. सगळं ओळखता आलंच पाहिजे असं ओझं पहिल्या वर्षी घेऊ नका, तेवढी अपेक्षा कुणाचीच नसते. मात्र न पाहिलेल्या पायापुढे 'सुस्थितीत' लिहिलंत, तर त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीची हमी तुम्ही दिलीत. महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं होतं. तपासणीचा नमुना भरताना मला ही तारीख आठवतेच.

गुरू कोण करायचा, याबद्दल माझं मत ठाम आहे. केबिनमधला नको, मैलकामगार (रस्त्याची रोजची देखभाल करणारे कामगार) आणि मुकादम धरा. कोणत्या पुरात पाणी कुठल्या थरापर्यंत आलं, कुठल्या रात्री पूल हादरला, हे त्यांना माहीत असतं. ड्रोनचे फोटो चांगले असतात, पण हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकायचं काम ड्रोन करत नाही. बाहेरच्या सल्लागाराचं स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) आलं म्हणून तुमचं काम संपत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. १४ मार्च २०१९ ला तो पडला आणि माणसं गेली.

हद्दीचं आधी पक्कं करा: राष्ट्रीय महामार्ग, जिल्हा परिषद, नगरपालिका, की रेल्वे. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर पडला, तेव्हा देखभाल कुणाची यावर रेल्वे आणि महापालिकेत वाद झाला. पूल तुमचा नसला तरी दिसलेली भेग संबंधित विभागाला लेखी कळवा आणि जावक क्रमांकासह प्रत जपून ठेवा.

'धोकादायक' लिहून फलक लावणं म्हणजे पूल बंद करणं नव्हे. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या जुन्या लोखंडी पुलाजवळ धोक्याचा फलक होता, तरी गर्दी त्यावर चढलीच. १५ जून २०२५ ला तो कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही तोंडांना पक्का अडथळा हवा आणि सुट्टीच्या दिवशी तिथे माणूस हवा. त्यासाठी तहसीलदार, पोलीस ठाणं आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचे नंबर जूनच्या आधीच फोनमध्ये घाला, त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून या आणि रात्री पाणी धोक्याच्या खुणेवर आलं तर वाहतूक कोण थांबवणार, हे तेव्हाच ठरवून घ्या.