घटपर्णीचा संकर करायचाय? पेन्सिल आधी, नाव शेवटी

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, घटपर्णीची, म्हणजे किडे खाणाऱ्या त्या झाडाची, स्वतःची नवीन व्हरायटी करायला किती दिवस लागतात. दिवस नाही, वर्षं मोजा. माझी सहा झाली आणि अजून नाव दिलेलं नाही. तरी हे काम मला इतकं आवडतं की नवीन कोणी यायचं म्हटलं की मी सगळं पहिल्यापासून सांगत बसते, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते.

मी मूळची तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग, बीएस्सी बॉटनी केलं आणि आता सांगलीत विश्रामबागला राहते. कॉलेजच्या ट्रिपला कासला गेलो तेव्हा कातळावरच्या पातळ मातीत ड्रॉसेरा म्हणजे दवबिंदू पहिल्यांदा बघितलं, गुडघ्यावर बसून बघावं लागतं एवढंसं असतं. मॅडम म्हणाल्या, या मातीत नायट्रोजन नाहीच्या बरोबर, म्हणून ही झाडं तो किड्यांतून घेतात. ते डोक्यात बसलं ते बसलंच. (कासवरून काहीही उपटून आणायचं नाही, एक रोपसुद्धा नाही, हे आधीच सांगते.) घटपर्णीचंही तेच, तिचा घट म्हणजे फूल नाही, पानाच्या टोकाला आलेला तो पानाचाच भाग आहे, आत पाचक रस असतो आणि कडेवरनं घसरलेली मुंगी परत वर येत नाही.

पहिलं झाड मी पुण्याच्या एका नर्सरीतून २०१४ ला आणलं आणि सहा महिन्यांत घालवलं. कारण पाणी. आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० च्या वर, आणि या झाडांना ५० च्या आत लागतो. बागेला पाणी तपासून देणारी आमची माणसं, पण कुंडीला देताना माझ्या डोक्यात ते आलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आता पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवते आणि उरलेलं वर्ष आरओचं. आरओ घेताना बघा, बऱ्याच मशीनला शेवटी मिनरल परत मिसळणारं काडतूस असतं, ते बंद करून घ्या आणि मीटर लावून खात्री करा. माती, शेणखत, गांडूळखत काही नाही. स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ), परलाइट (हलके पांढरे खडे), थोडी ऑर्किडला वापरतात ती साल, बास. कोकोपीट वापरायचं तर चार-पाच वेळा धुऊन, त्यात मीठ असतं.

झाड कुठलं घ्यायचं? सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे ४० डिग्री आणि कोरडी हवा, त्यामुळे फोटो बघून थंड डोंगरावरच्या जाती मागवू नका, त्यांना रात्री गार लागतात, त्या इथे कुजतील आणि पैसे जातील. भारतात रानात मिळणारी एकच घटपर्णी आहे, मेघालयातली नेपेन्थस खासियाना, दणकट झाड. पण ती साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून नर्सरीत वाढवलेलंच रोप घ्या, बिल घ्या, बिल जपून ठेवा. माझी खासियाना तशीच आली आणि २०१८ ला तिला फुलांचा पहिला तुरा आला.

इथे खरी गंमत सुरू होते. घटपर्णीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि फूल येईपर्यंत कळत नाही कुठलं काय. नराच्या फुलात मधे दांडीवर पिवळा परागांचा गोळा असतो, मादीत हिरवी बोंडासारखी अंडाशयाची गाठ. माझी निघाली मादी. घरात नर नाही. केरळमधल्या एका ओळखीच्या ताईंकडे फिलिपिन्सच्या व्हेंट्रिकोसा या घटपर्णीचा नर फुलला होता, त्यांनी बटर पेपरच्या पुडीत पराग आणि सोबत सिलिका जेल घालून कुरिअर केलं. झाड पाठवायची गरज नसते हे लक्षात ठेवा, पराग कोरडा करून फ्रीजरमध्ये ठेवला की टिकतो, त्यामुळे ज्यांच्याकडे नर फुललाय त्यांच्याशी आधीपासून बोलून ठेवा.

तुऱ्यावरची फुलं खालून वर उमलत जातात, एकदम सगळी नाही, म्हणून सकाळी ब्रश घेऊन आठवडाभर रोज लावायचं. स्टिग्मा (मादी फुलाचं टोक, जिथे पराग चिकटतो) चकचकीत ओलसर दिसला की वेळ बरोबर. तिकडे मुंग्या-माश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणू नयेत म्हणून तुऱ्यावर पातळ जाळीची पिशवी. साधारण तीन महिन्यांनी बोंडं तपकिरी होऊन तडकायला लागली आणि आत दोऱ्यासारखं बी. हे बी साठवायचं नाही, त्याची उगवण झपाट्याने कमी होते. ओल्या मॉसवर नुसतं पसरायचं, वरून काही झाकायचं नाही, डब्याला झाकण लावून उजेडात ठेवायचं. माझं पहिलं हिरवं टोक सहाव्या आठवड्यात दिसलं, मी सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन बघत होते. ६३ रोपं उगवली, पहिल्या उन्हाळ्यानंतर १९ राहिली. काही बुरशीने गेली, काही मॉसच वर वाढून गुदमरली.

आणि पेन्सिल. पहिल्या वर्षी मी लेबलं मार्करने लिहिली, उन्हाने मे महिन्यात सगळी पांढरी. एका ट्रेची आई कोण, बाप कोण हे आता कधीच कळणार नाही. प्लास्टिकच्या लेबलवर साधी पेन्सिल उडत नाही. पद्धत अशी, आईचं नाव आधी, मग गुणिले चिन्ह, मग बापाचं, म्हणजे खासियाना × व्हेंट्रिकोसा, खाली पराग लावल्याची तारीख आणि रोपाचा नंबर. हेच सगळं वहीतही.

आता नावाकडे, कारण नवीन लोकांची घाई इथेच असते. खासियाना × व्हेंट्रिकोसा हा संकर माझ्या आधी बाकीच्यांनी केलेला आहे, तो माझा शोध नाही. पण एकाच संकरातली १९ रोपं १९ प्रकारची निघाली, कुणाचा घट आईसारखा लांब हिरवा, कुणाची बापासारखी मधे कंबर. घरी आण्णांना दाखवलं तर ते म्हणाले, "अगं बियापास्नं आल्यालं आईवाणी येतच न्हाई, काडी लावशील तवा तेच झाड येतंय." तासगावच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आमच्याकडची तास-ए-गणेश ही थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली जात, ती कलमानेच पुढे नेतात. घटपर्णीचंही तसंच, नाव अख्ख्या संकराला नाही तर निवडलेल्या एका झाडाला आणि त्याच्या काडीपासून केलेल्या रोपांना.

हे नाव नोंदवायचं काम १९९८ पासून आंतरराष्ट्रीय कीटकभक्षी वनस्पती संस्था, म्हणजे आयसीपीएस बघते. नाव एकेरी अवतरणात लिहायचं, ३० अक्षरांच्या आत, लॅटिन नको (१९५९ पासून लॅटिन चालत नाही), नेपेन्थस या अख्ख्या प्रजातीत (जीनसमध्ये) आधी कुणी वापरलेलं नको. मराठी नाव रोमन लिपीत चालतं, भाषांतर करायची गरज नाही. झाड इतरांपेक्षा वेगळं कशात ते वर्णन, चांगला फोटो, आणि गुण टिकवायला वाढवायचं कसं हे द्यावं लागतं, आणि ते वर्णन तारखेसकट प्रकाशित व्हावं लागतं. ग्रुपवर फोटोखाली नाव लिहिलं म्हणजे झालं असं नाही. आणि नोंदणी झाली म्हणजे झाडावर मालकी मिळाली असंही नाही, हक्कांचा कायदा वेगळा, आपल्याकडे तो २००१ चा.

लहानपणीचा घट बघून नाव देऊ नका असं मी कळकळीने सांगते. खालचे घट वेगळे, वेल वर चढल्यावर येणारे वेगळे, पावसाळ्यात रंग एक, मे महिन्यात दुसरा. तिसऱ्या वर्षी मला ४ नंबर सगळ्यात देखणा वाटायचा, पाचव्या वर्षी तो फिका पडला आणि कोपऱ्यातला १७ नंबर पुढे आला, हिरव्या घटावर लाल कड, कंबर बारीक, आणि सांगलीच्या उन्हाळ्यातही घट धरणारा. ते शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१७ नंबरच्या तीन काड्यांना मुळं फुटलीत. एक केरळच्या ताईंना पाठवली, त्यांच्या दमट हवेत लाल कड तशीच येते का बघायचंय, आणि माझ्याकडचं गेलं तरी झाड राहावं. नाव मनात ठरलंय, आण्णांना तेवढं सांगितलंय.