फुटबॉलच्या पायांनी बास्केटबॉल: स्टीव्ह नॅशला समोर ठेवून मुलांना कसं शिकवावं

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानात फुटबॉलचे दोन गोल आहेत आणि कडेला सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. संध्याकाळी चारला मैदान भरलेलं असतं आणि कोर्ट रिकामं. गेली एकोणीस वर्षं मी इथे शारीरिक शिक्षण शिकवते. कोर्टवर येणारं जवळजवळ प्रत्येक मूल आधी फुटबॉल खेळून आलेलं असतं. आलं की दुसऱ्या मिनिटाला म्हणतं, "टीचर, बॉल हातांत रावना", म्हणजे बॉल हातात राहत नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी ही फुटबॉलची सवय मोडण्यात घालवली. ती माझी चूक होती, हे मला बास्केटबॉलपटू स्टीव्ह नॅशची कारकीर्द नीट समजून घेतल्यावर कळलं. नॅशचा जन्म १९७४ मध्ये जोहान्सबर्गला झाला आणि तो वाढला कॅनडातल्या व्हिक्टोरियात. वडील व्यावसायिक फुटबॉलपटू होते आणि धाकटा भाऊ पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघातून खेळला. बास्केटबॉल नॅशच्या हातात आला तो बाराव्या-तेराव्या वर्षी, तोवर फुटबॉलच. त्याच मुलाने पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये दहा हजारांवर असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास, दिले आणि २००५ व २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. उंची १.९१ मीटर, म्हणजे त्या लीगमध्ये बुटकाच. तेव्हा तुमच्याकडे फुटबॉलवालं मूल आलं तर आधी त्याच्याकडे काय आहे ते बघा.

त्याच्याकडे पाय असतात. आडवं सरकणं, वेग कमी करून एकदम वाढवणं, समोरच्याला एका बाजूला झुकवून दुसरीकडून निघणं, हे सगळं त्याला येतं. येत नाही ते थांबणं. फुटबॉलमध्ये चार पावलं जास्त गेली तरी बिघडत नाही, इथे लगेच ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकल्याचा नियमभंग. म्हणून पहिला आठवडा चेंडू कपाटात ठेवा. मुलांना मधल्या रेषेपासून पळवा आणि शिट्टी वाजली की दोन्ही पाय एकदम टेकवून, गुडघे वाकवून थांबवा. मग एक पाय जमिनीला खिळवून दुसऱ्याने गोल फिरायला लावा. खिळलेल्या पायाभोवती खडूने वर्तुळ काढलं की पाय सरकला हे मुलाला स्वतःलाच दिसतं, मला ओरडावं लागत नाही.

चेंडू दिल्यावर पुढची अडचण नजरेची. पायातला चेंडू बघायची सवय असते, म्हणून ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेतानाही, मान खाली जाते. मी समोर उभी राहून बोटं दाखवते आणि त्यांनी आकडा ओरडून सांगायचा. तळवा चेंडूला लावू देऊ नका, बोटांच्या पेरांनीच दाबायला शिकवा. नॅश अमेरिकेतल्या सांता क्लारा विद्यापीठात शिकत असताना आवारातून टेनिसचा चेंडू ड्रिबल करत फिरायचा. हे आमच्याकडे फारच उपयोगी पडतं. जून ते सप्टेंबर कोर्ट शेवाळाने बुळबुळीत असतं, तिथे कुणाला पळवणं म्हणजे हात मोडून घेणं. मग मी प्रत्येकाला टेनिसचा एक चेंडू देते आणि व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवते, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. लहान चेंडूला चूक चालत नाही. चार महिन्यांनी मोठा चेंडू हातात आला की मुलांना तो सोपा वाटतो.

पास शिकवायला मात्र वेळ लागत नाही. पास देऊन लगेच मोकळ्या जागेत पळायचं आणि चेंडू परत घ्यायचा, हे मुलांच्या अंगात असतंच. फक्त पायाऐवजी हात, एवढं सांगायचं. यात एक गोष्ट नॅशची खास आहे. तो ड्रिबल करत बास्केटखाली जायचा, फेकायला जागा नसली तरी चेंडू दोन हातांत धरायचा नाही. तसाच बास्केटच्या खालून पलीकडे निघून पुन्हा बाहेर यायचा आणि तोवर कुणीतरी मोकळं सापडायचं. माझ्या मुलांना मी हे फुटबॉलच्या भाषेत सांगते: विंगवरून गोलरेषेपर्यंत जा, पण क्रॉस मारायची घाई करू नको, मागे वळून बघ. एका वाक्यात समजतं.

आता फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण गावातल्या मुलाला मोठ्या शहरातल्या मुलाच्या बरोबरीने आणणारी ही एकच जागा आहे. रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर आणि रिंग ३.०५ मीटर उंच, पणजीत काय किंवा नॅशच्या संघाच्या फिनिक्स शहरात काय, सारखीच. समोर कुणी अडवायला नसतं आणि उंचीचाही प्रश्न नसतो. नॅशने कारकिर्दीत नव्वद टक्क्यांहून जास्त फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले. १९९३ मध्ये तो कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना सांता क्लाराने बलाढ्य ॲरिझोना विद्यापीठाला हरवलं, तेव्हा शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याने लागोपाठ सहा फ्री थ्रो टाकले होते.

त्याची पद्धत बघा. पंचांकडून चेंडू येण्याआधी तो रिकाम्या हाताने फेकण्याची पूर्ण क्रिया करायचा आणि मग तीच क्रिया चेंडू घेऊन. आम्ही हेच करतो: पाय रेषेमागे, दोन वेळा रिकाम्या हाताने फेक, चेंडू घ्यायचा, एक श्वास, गुडघे, कोपर रिंगच्या रोखाने, आणि फेकल्यावर मनगट खाली पडलेलं तसंच ठेवायचं. चेंडू हातात आल्यावर पाच सेकंदच मिळतात, म्हणून रिकाम्या फेकी आधी उरकायच्या. ताज्या दमाने शंभर फेकून उपयोग नाही. कोर्टच्या दोन फेऱ्या पळवा आणि धापा टाकत असतानाच दोन फेकायला लावा, कारण सामन्यात असंच असतं. प्रत्येकाचा हिशोब वहीत लिहा. आमची नववीतली एक मुलगी, जी आधी फुटबॉलची गोलकीपर होती, कदंबा बसची वाट बघत स्टॉपवर उभी राहून रिकाम्या हाताने फेकत असते. दहापैकी चारवरून ती आठवर आली आहे, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र मोठ्या रिंगवर फेकायला लावू नका. मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू पाच नंबरचा. जड चेंडू वर पोचवायला मूल छातीवरून ढकलायला लागतं आणि ती सवय पुढे सुटत नाही.

निवडीबद्दल एक सांगायलाच हवं. माझ्या एका मुलाला एका निवड चाचणीत चेंडू हातात न देताच उंची बघून परत पाठवलं होतं. तो घरी जाईपर्यंत बोलला नाही. नॅशच्या शाळेतल्या प्रशिक्षकाने तीसहून जास्त अमेरिकन विद्यापीठांना पत्रं आणि टेप पाठवल्या होत्या, शिष्यवृत्ती देऊ केली ती फक्त सांता क्लाराने. म्हणून आता मी प्रत्येक मोठ्या सामन्याचं चित्रण ठेवते. निवडक बास्केटचे तुकडे नव्हे, सलग दोन क्वार्टर. चेंडू नसताना मूल काय करतं, बचावाला परत पळतं की नाही, हे त्यात दिसतं आणि जाणकार माणूस तेच बघतो.

पालक विचारतात, यात पुढे काय? आपल्याकडे बरेच चांगले खेळाडू रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी अशा नोकऱ्यांमधून खेळतात, आणि अभ्यास सोडू नका, हे मी स्पष्ट सांगते. नॅश एनबीएचं विजेतेपद एकदाही न जिंकता २०१५ मध्ये निवृत्त झाला, हेही सांगते. त्याला पाठीचा मणका सरकण्याचा विकार होता. बसलं की पाठ आखडायची, म्हणून सामन्यात खेळत नसताना तो बाकावर बसण्याऐवजी कोर्टच्या कडेला चक्क आडवा पडून राहायचा. हा प्रौढ माणूस, सोबत डॉक्टरांची फौज. चौदा वर्षांच्या मुलाने पाठ दुखते म्हटलं तर त्याला खेळवू नका, डॉक्टरकडे पाठवा. एरवी सरावानंतर दहा मिनिटं पोटाचे आणि कमरेचे व्यायाम रोज, घाईची संध्याकाळ असली तरी.

चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी संपून ऊन पडायला लागलं की कोर्ट पुन्हा सुरू करायचं. पहिल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून, खराट्याने शेवाळ खरवडून, बादल्यांनी धुऊन काढायचं. फ्री थ्रोची रेषा पावसाने पुसलेली असते, ती टेपने ४.६ मीटर मोजूनच पुन्हा रंगवायची, अंदाजाने नाही.