गेम लावला की पीसी बंद? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचा पीसी रोज संध्याकाळी दगा द्यायचा. दिवसभर एक्सेल, यूट्यूब सगळं सुरळीत. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत टक्! स्क्रीन काळी, पंखे बंद. पठ्ठ्याने विंडोज दोनदा टाकलं, ड्रायव्हर बदलले, दुकानदार म्हणाला म्हणून रॅमही नवी घेतली. दोषी निघाला टेबलाखालचा यूपीएस.

पीसी नेमका कसा बंद पडतो ते न बघताच औषधं सुरू करणं, ही सगळ्यात मोठी चूक. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होत असेल तर ड्रायव्हर, रॅम, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग), ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) यांच्याकडे बघा. पण कोणीतरी मेन स्विच पाडल्यासारखा एका झटक्यात जात असेल, तर आधी संशय घ्यायचा तो विजेचा किंवा उष्णतेचा. तिथे फॉरमॅट मारून काहीच होत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (नोंदवहीतली) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बघूनही लगेच नवा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, मागवू नका. विंडोज नीट बंद झालं नाही, एवढंच ती सांगते. चालू पीसीचा प्लग उपसलात तरी तीच नोंद पडेल.

भावाच्या बाबतीत खूण समोरच होती: पीसीबरोबर मॉनिटरचा छोटा दिवाही विझायचा. दोघेही एकाच यूपीएसवर. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. मागचं लेबल वाचलं तर बहुतेकदा ३६० वॅट लिहिलेलं असतं. त्याचं ग्राफिक्स कार्डच २०० वॅटचं, वर प्रोसेसर, बोर्ड, मॉनिटर. संध्याकाळी सोसायटीतले एसी सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा आणि लोड न झेपून हात वर करायचा. खोलीतला दिवा चालूच, मग विजेचा संशय येणार कसा? म्हणून पहिली फुकटची चाचणी: पीसी थेट भिंतीतल्या, चांगलं अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावून खेळून बघा.

तिथेही बंद पडला, तर तापमान. लोक बंद पडल्यावर पुन्हा चालू करून आकडे बघतात. तोवर सगळं थंड झालेलं असतं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लॉगिंग (आकडे फाइलमध्ये नोंदवणं) चालू करून खेळा आणि नंतर फाइलमधल्या शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर ९५-१०० अंशांकडे गेला असेल तर तोच धागा. पण प्रोसेसर तापला तर सहसा आधी वेग कमी करतो, गेम अडखळतो. काहीच न अडखळता ७० अंशांवरच पीसी बंद पडला, तर धुळीला दोष देऊ नका. प्रोसेसर खरंच तापत असेल तर मात्र त्याच्यावरचा कूलर हलवून बघा: इंटेल प्रोसेसरबरोबर डब्यात येणाऱ्या कूलरचा चारपैकी एखादा पाय अर्धवट बसलेला असतो, आणि नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म तशीच राहिलेली मी स्वतः दोनदा पाहिली आहे. धूळ काढायला ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा.

उरला एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेल्या डब्यावरचा ५०० वॅटचा आकडा मी तरी मानत नाही. १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर दिलेत ते वाचा. ग्राफिक्स कार्ड सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज क्षणभर खेचतं आणि कमकुवत एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. मग बटण दाबूनही काही होत नाही, मागचा स्विच बंद करून थोडं थांबलं की चालू होतो. असं होत असेल तर समजून जा. कार्डला आठ पिनांची दोन तोंडं असतील तर एकाच केबलची दोन टोकं जोडू नका, दोन वेगळ्या केबल ओढा. दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल तर अजिबात नको. तोंड बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते. आणि एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

खर्चाआधी आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्के आणि गेममध्ये फ्रेम ६० वर बांधून एक संध्याकाळ काढा. तेवढ्याने टिकला तर वीज किंवा उष्णता, यांपलीकडे बघायची फारशी गरज नाही.

भावाच्या यूपीएसवर आता फक्त मॉनिटर आणि राउटर आहेत. लाइट गेली की गेम जातो, तो चिडतो. १००० व्हीएचा घे म्हटलं, तर म्हणतो आधी ती जुनी रॅम विकू दे.