लष्करी सुट्या भागावर कायमची ओळख कशी कोरावी
कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लष्करी सुटे भाग करणाऱ्यांनी ओळखखुणेची जागा ड्रॉइंग हाती येताच ठरवावी. अमेरिकी संरक्षण खात्याच्या मिल-एसटीडी-130 या मानकानुसार उत्पादकाचा संकेतांक, अनुक्रमांक आणि गरजेप्रमाणे भाग क्रमांक डेटा मॅट्रिक्स या चौकोनी कोडमध्ये भरतात. चूक सुधारण्याची सोय असलेल्या ईसीसी 200 या प्रकारात तो कोड थोडाफार खरवडला तरी वाचता येतो. लेसरने कोरावे की सुईने ठोकून बिंदू उमटवावेत, हे धातू पाहून ठरवावे. मात्र जास्त ताण सोसणाऱ्या जागी ठोकणे मला धोक्याचे वाटते, कारण तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. प्लेटिंगनंतर, म्हणजे धातूचा मुलामा चढवल्यावर, भागावरचे तेल पुसून कोड पुन्हा स्कॅन करावा. दुरुस्तीपासून भंगारापर्यंतच्या प्रत्येक नोंदीत तोच क्रमांक राहावा आणि भाग मोडीत निघाल्यावरही तो क्रमांक दुसऱ्या भागाला देऊ नये.